तेचाकाठीही एकदा जाऊन ये

विठ्ठला, आषाढवारीला कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी तुझ्याकडे निघते, तेव्हा वर्धा नदीच्या अलीकडचे आम्ही रोहण्याचे लोक हात जोडून नेहमीचंच मागतो. पाऊस वेळेवर पडू दे, पऱ्हाटीवर बोंडअळी नको, पोरीला चांगलं स्थळ मिळू दे. आजचं मागणं जरा लांबच्या वाटेचं आहे. रशियात उरल पर्वताच्या पूर्वेला तेचा नावाची लहानशी नदी आहे. तिच्या काठी तातार-बाश्कीर वस्तीचं मुस्ल्युमोवो नावाचं गाव होतं. तिथे एकदा जाऊन ये. ते लोक तुला दुसऱ्या नावाने हाक मारतात, पण तुला त्याचं काय!

देवा, नदीच्या वरच्या अंगाला मायाक नावाचा कारखाना आहे. तिथे अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार होत असे आणि १९४९ पासून त्याचं किरणोत्सारी सांडपाणी सरळ तेचात सोडलं जाई. खाली गावकरी तेच पाणी पीत होते, पोरं त्यातच डुंबत होती. तू गोपाळ, तुला गाईचं सांगायला नको. गाय काठावर चरली की त्या सांडपाण्यातून गवतात आलेलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम दुधात उतरतं. त्याचा गुण कॅल्शियमसारखा, म्हणून लेकराच्या हाडाला ते परकं वाटत नाही. हाड त्याला घरात घेतं. निम्मं विरायला सुमारे २९ वर्षं लागतात. म्हणजे माय लेकराला प्रेमाने पेलाभर दूध देत होती आणि काय देत होती, ते तिला ठाऊक नव्हतं.

पुढे काठावर काटेरी तार आली, पहारेकरी आले. नदीत उतरू नका म्हणाले. का, ते सांगितलं नाही. काही गावं उठवली, पण मुस्ल्युमोवो राहिलं. ते हलवायला एकविसावं शतक उजाडलं, आणि हलवलं ते जेमतेम दोन किलोमीटरवर.

२९ सप्टेंबर १९५७ ला त्याच कारखान्यात किरणोत्सारी कचऱ्याच्या टाकीची थंड ठेवण्याची यंत्रणा बिघडली आणि टाकी फुटली. वाऱ्यासोबत ते विष शेकडो किलोमीटर पसरलं. आभाळात विचित्र उजेड दिसला, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्राने लोकांना सांगितलं की हा ध्रुवीय प्रकाश आहे. सरकारने खरं कबूल करेपर्यंत १९८९ उजाडलं. कारखान्याचं शहर नकाशावरच नव्हतं, त्यामुळे या अपघाताला शेजारच्या किश्तिम गावाचं नाव चिकटलं. बिचाऱ्या किश्तिमचा काय दोष?

तू विचारशील, रोहण्याला या उठाठेवी कशाला? पांडुरंगा, आमच्या शेजारी पुलगाव आहे. एके काळी आमच्याकडून पुलगावला नॅरोगेजची गाडी जायची. आता रूळ ओस पडलेत, पण पुलगावचं दारूगोळा भांडार आहे तिथेच आहे. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर तिथे आग लागून स्फोट झाले. आग विझवायला धावलेले अधिकारी, जवान, अग्निशमनाचे कर्मचारी त्यात गेले. जवळच्या गावांतली माणसं लेकरं काखोटीला मारून अंधारात निघाली. मग २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत मजुरीला गेलेली गावची माणसंही होती. मुदत संपलेल्या बॉम्बची पेटी डोक्यावर वाहायची, अन् संध्याकाळी त्या रोजीचं तेल-मीठ आणायचं, असा तो धंदा.

दोन्ही दुःखं एका मापाने मोजू नयेत, हे मला कळतं. आमचं संकट फुटलं की आवाज होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, मंत्री येऊन जातात. तेचाच्या विषाला ना आवाज होता, ना वास, ना चव. ज्यांना ठाऊक होतं, ते गप्प राहिले. मला त्या विषाइतकाच राग या गप्प राहण्याचा येतो. शिवाय आमच्याकडे भांडाराच्या पगारावर कित्येक घरांच्या चुली पेटतात. मायाकच्या आसपासही तसंच असणार. कारखाना उचलून समुद्रात टाक, असं म्हणून चालणार नाही. देशाला संरक्षण लागतं, हेही खरं.

म्हणून एवढंच मागते, देवा. तेचाकाठी ज्यांची हाडं दुखली त्यांना आराम दे. मायाकच्या ज्या कामगारांनी हुकूम आला म्हणून काम केलं आणि स्वतःही किरणं अंगावर घेतली, त्यांनाही विसरू नकोस. पुलगावच्या आगीत गेलेल्यांच्या आणि सोनेगावच्या मजुरांच्या घरी दोन वेळची भाकर असू दे, त्यांच्या लेकरांची शाळा सुटू नये. भांडारात आज रात्री पहाऱ्यावर असलेल्या जवानाची पाळी सुखरूप पार पाड.

आणि कुलपाआडचं ज्यांना ठाऊक असतं, त्या साहेबांच्या, शास्त्रज्ञांच्या, पुढाऱ्यांच्या तोंडाला वेळेवर वाचा फोड. तारेपलीकडे काय ठेवलंय, ते उडालं तर कुठल्या रस्त्याने पळायचं, कुठल्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही, हे शेजारच्या गावाला आधी सांगू दे. सांगायची लाज वाटत असेल, तर ती लाज तू काढून घे.