वांड लेकराच्या आईबापांना काय शिकवायचे?

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या गावात एका जागी न बसणाऱ्या, हातातले काम अर्धे टाकून पळणाऱ्या लेकराला वांड म्हणतात. त्यावर सल्ले दोनच: चांगला चोप द्या, नाहीतर मोठा होईपर्यंत वाट बघा. सरकारी कागदावर मात्र २०१३ पासून तिसरी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी, म्हणजे अवधान न टिकणे आणि अतिचंचलता, ही अवस्था आहे. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचे, शंका आली तर मुलाला जिल्हा केंद्राकडे धाडायचे. निदानासाठी एकदा नांदेडचे हे केंद्र गाठणे कसेबसे जमेल. पण पालकांचे वर्तन-प्रशिक्षण म्हणजे साधारण ८ ते १६ बैठका. दर आठवड्याला मजुरी बुडवून तिथे कोण जाणार? म्हणून निदान डॉक्टरांनी करावे आणि प्रशिक्षण गावातच अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्यांनी द्यावे, असे माझे म्हणणे आहे. मात्र त्यातून काय मिळते आणि काय नाही, हे पालकांना आधी खरे सांगायला हवे.

शिकवायचे ते अवघड नाही, अंगवळणी पाडणे अवघड आहे. जवळ जाऊन एका वेळी एकच सूचना द्यायची, ऐकले की लगेच दखल घ्यायची, किरकोळ खोडीकडे काणाडोळा करायचा, शिक्षा लहान आणि आधी ठरलेली ठेवायची. यामागचा विचार गेराल्ड पॅटरसन यांनी ओरेगॉनमधल्या कुटुंबांचे निरीक्षण करून मांडला. आई ओरडते, मूल त्याहून मोठ्याने किंचाळते, शेवटी आई माघार घेते. त्या क्षणी दोघांचीही सुटका होते, म्हणून दोघेही तेच पुन्हा करतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मध्ये ४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी औषधाआधी हेच प्रशिक्षण सुचवले. पण सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या विश्लेषणाने त्या उत्साहाला लगाम घातला. स्वतः प्रशिक्षण घेतलेल्या पालकांना मुलाची चंचलता कमी झालेली दिसत होती. कोणाला प्रशिक्षण मिळाले हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकांच्या नोंदींत तो फरक जवळजवळ विरून गेला. २०१४ च्या पुढच्या विश्लेषणात मात्र अशाच तटस्थ नोंदींत पालकांची वागणूक सुधारलेली आणि मुलांचा उद्दामपणा घटलेला आढळला. म्हणजे अवधान फारसे बदलत नाही, घरातले भांडण कमी होते. मला हा फायदा लहान वाटत नाही, कारण मार बहुतेकदा भांडणातूनच पडतो.

‘प्रशिक्षण म्हणजे आईबापांवर ठपका’ हा आक्षेप रास्त आहे. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. वाईट संगोपनातून तो उद्भवत नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट व्हायला हवे. शिवाय बैठकीला एकटी आई बोलावून भागणार नाही. तिने नाकारलेला खाऊ आजीने गुपचूप दिला की शिकलेले सगळे वाया. दुसरा आक्षेप: औषध असताना प्रशिक्षण कशाला? १९९९ च्या ५७९ मुलांवरच्या अमेरिकन अभ्यासात मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. ती मुले ७ ते ९ वर्षांची होती; शाळकरी मुलाला गरज असेल तर औषध नाकारण्यात काही शहाणपण नाही. अंगणवाडीच्या वयात मात्र पहिला क्रम प्रशिक्षणाचाच, आणि आईबापांची रोजची गाठ पडते तीही अंगणवाडीतच.

सेविका आणि आशा यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. आशाचे उत्पन्न बरेचसे कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर चालते. त्या मोबदल्याच्या यादीत पालकांच्या बैठकीसमोर रक्कम लिहिलेली नसेल, तर उत्तम पुस्तिका छापूनही ती बैठक होणार नाही.