पोटाची फी

आमचा भाचा अमेरिकेत शिकतो. परवा त्याचा फोन आला, "मामा, माझ्या स्कॉलरशिपवर टॅक्स कापला!"

बँकेत वीस वर्षं आकडेमोड केलेल्या माणसाला अशा वेळी काहीतरी ठाऊक असावं लागतं. मी आवाजात अधिकार आणून म्हणालो, "शक्य नाही." आमच्या 1961च्या आयकर कायद्याने कलम 10च्या सोळाव्या पोटकलमात शिक्षणखर्चाची शिष्यवृत्ती सरळ माफ केली होती. पोरगा त्यातून पुस्तक घेतो की मिसळ खातो, या भानगडीत तो पडला नाही.

तिकडे तसं नाही म्हणे. तिकडचं कलम 117 पदवीच्या विद्यार्थ्याला फी, पुस्तकं आणि लागणारं साहित्य एवढंच माफ करतं. खोलीभाडं नि जेवण मात्र 1986च्या सुधारणेपासून उत्पन्न! परदेशी पोराच्या त्या भागातून 14 टक्के आधीच कापून ठेवतात. पुढे विवरणपत्र भरलं की काही परत यायची आशा, तेवढ्यावर समाधान.

म्हणजे डोकं माफ, पोट करपात्र. मला आमचे आजोबा आठवले. ते पुण्यात शाळेत नादारीवर आणि सात घरी वार लावून शिकले. सोमवारी एकीकडे आमटी, गुरुवारी दुसरीकडे नुसतं ताक. अमेरिकन हिशेबाने नादारी सुटली असती आणि आमटी अडकली असती. बुधवारच्या घरी तर ते धाकट्याची गणितं करून घेत. कामाच्या बदल्यात मिळालेलं तिकडे पगारातच धरतात. म्हणजे बुधवारचं वरण हे वेतन!

बाजू त्यांचीही आहे, नाही असं नाही. नोकरी करून शिकणारा पोरगा पगारावर कर भरतो, मग उरल्यातून पाव घेतो. त्याच बाकावरच्या दुसऱ्याचा पाव माफ का? माझा स्वतःचा डबा तरी कुठे माफ आहे? पण उपाशी पोराच्या हातातल्या पुस्तकाला शिक्षण म्हणायचं आणि ते वाचण्यापुरत्या जेवणाला कमाई, हे काही मला पटत नाही. आजोबांना सातांतलं एक घर सुटलं असतं, तर त्या दिवसाची नादारी काय चाटायची होती?

हे सगळं मी भाच्याला तळमळून सांगितलं. तिकडे मिनिटभर शांतता. मग तो म्हणाला,

"पणजोबांचं खरं आहे हो मामा, पण हे फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहू?"