युक्ती यादीत होती

जेवणाची वेळ झाली की शिकागोच्या त्या बालरुग्णालयात प्रत्येक बाळासमोर एक तबक येई. तबकात छोट्या भांड्यांत वेगवेगळे पदार्थ, आणि प्रत्येकाचे वजन आधीच करून ठेवलेले. शेजारी चमचा हातात घेऊन परिचारिका बसे. तिला सूचना कडक होत्या. आपण होऊन काही भरवायचे नाही. एखादे भांडे पुढे सरकवायचे नाही. बाळाने काय घेतले, काय टाकले यावर शब्द काढायचा नाही, आणि त्याचा हात ज्या पदार्थाकडे जाईल तो नाकारायचाही नाही. बाळाने बोट दाखवले तरच चमचा भरायचा. त्याने तोंड उघडले तरच घास द्यायचा. काऊ-चिऊच्या नावाने घास भरवणाऱ्या, ताटली घेऊन मुलामागे घरभर फिरणाऱ्या आयाआज्यांना ही परिचारिका दगडाच्या काळजाची वाटेल.

हा प्रयोग डॉ. क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंचा. १९२० च्या दशकात क्लीव्हलंडमध्ये तीन बाळांपासून त्याची सुरुवात झाली आणि पुढे शिकागोत तो १५ मुलांपर्यंत वाढला. त्या काळी अमेरिकेत डॉक्टर मुलांचा आहार औषधासारखा लिहून देत: अमुक महिन्यात अमुक लापशी, तमुक महिन्यात इतकी भाजी. मुले मात्र तोंड घट्ट मिटून बसत आणि आया रडकुंडीला येत. डेव्हिसबाईंना पडलेला प्रश्न साधा होता. मोठ्यांच्या खाण्याचा काहीच अनुभव नसलेल्या, नुकत्या अंगावरून तुटणाऱ्या बाळाला निवड करू दिली, तर ते काय खाईल?

त्यांच्या यादीत तीसहून थोडे अधिक पदार्थ होते. गाईचे दूध, आंबवलेले दूध, सफरचंद, केळी, संत्र्याचा रस, टोमॅटो, बीट, गाजर, मटार, सलगम, पालक, बटाटा. ओट, गहू, मका, जव. गोमांस, कोंबडी, मासे, भेजा, कलेजी, नळीतला मगज. वेगळ्या भांड्यात मीठ. सगळे ताजे, एकेकटे, बिनमसाल्याचे. मुलांनी जे केले ते पाहून कोणीही आहारतज्ज्ञ हादरला असता. कोणी सकाळी कलेजी खाऊन वर अर्धा लिटर संत्र्याचा रस पीत असे, तर कोणाचे रात्रीचे जेवण म्हणजे अनेक अंडी, केळी आणि दूध. एका मुलाचा आहार दुसऱ्यासारखा नव्हता, आणि एकाचाही आहार डॉक्टरांच्या तक्त्याशी जुळत नव्हता. पण मुले धडधाकट वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाच्या तबकात कॉड माशाच्या यकृताचे तेल ठेवले होते. त्याने ते आपण होऊन, कमी-जास्त प्रमाणात, हाडे सुधारेपर्यंत घेतले आणि मग सोडून दिले. हजारो जेवणांच्या नोंदी जमल्या.

या प्रयोगातून एक गोड गोष्ट जन्माला आली आणि ती जगभर फिरली. शरीराला आपली गरज कळते, मुलाला त्याच्या मनासारखे खाऊ द्या, निसर्ग बरोबर सांभाळून घेतो. १९४६ साली निघालेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरच्या पुस्तकाने हा प्रयोग लाखो घरांत पोहोचवला.

डेव्हिसबाईंचे स्वतःचे म्हणणे मात्र वेगळे होते. १९३९ मध्ये कॅनडाच्या वैद्यक संघटनेसमोर वाचलेल्या निबंधात त्यांनी स्पष्ट सांगितले, की या प्रयोगात एक युक्ती दडलेली आहे आणि ती पदार्थांच्या यादीत आहे. यादीत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हते, कारखान्यातून आलेले जवळपास काही नव्हते. अशा यादीतून भुकेने कसेही निवडले तरी बेरीज बरोबरच येणार. निकृष्ट पदार्थांतून निवडायची वेळ आली तर त्याच भुकेचा काही उपयोग होईल का, याबद्दल त्यांना शंका होती. म्हणून काय खावे आणि किती खावे हे मुलाने ठरवावे, पण तबकात काय यावे हे मोठ्यांनीच ठरवले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढचा प्रयोग प्रक्रिया केलेल्या पदार्थांची यादी घेऊन करण्याची त्यांची इच्छा होती. महामंदीत पैसा आटला आणि तो प्रयोग राहून गेला.

त्या प्रयोगात उणिवा होत्या. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मुले अनाथ होती किंवा पोसण्याची ऐपत नसलेल्या आयांची होती. त्यांना असे वर्षानुवर्षे निरीक्षणाखाली ठेवायला आज कोणतीही नैतिक समिती परवानगी देणार नाही आणि देऊही नये. तरीही आहारवर्तनाच्या शास्त्रातला कळीचा प्रश्न त्या बाईंनी अचूक पकडला होता. खाणाऱ्याकडे पाहायचे, की त्याच्यापुढे काय ठेवले आहे त्याच्याकडे?

पुढच्या काळात बराचसा प्रकाश खाणाऱ्यावर पडला, आणि त्यातून काही अस्सल शोध लागले. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पॉल रोझिन यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांना मिनिटभरापूर्वीचेही आठवत नसे. दुपारचे जेवण झाल्यावर १० ते ३० मिनिटांनी त्यांच्यापुढे पुन्हा जेवण ठेवले, तर ते पुन्हा जेवत. बहुतेक वेळा तिसऱ्यांदाही जेवायला बसत. पोट भरल्याची जाणीव काही अंशी जेवल्याच्या आठवणीवर उभी असते, हे त्यातून दिसले. ज्या शहाण्या शरीराच्या भरवशावर स्पॉकचे वाचक निर्धास्त झाले होते, ते इतके सहज फसू शकते.

पण याच वाटेवर या शास्त्राला मोठी ठेचही लागली. कॉर्नेल विद्यापीठातले ब्रायन वॉन्सिंक २००० नंतरच्या दशकात या क्षेत्रातले सर्वांत प्रसिद्ध नाव झाले. त्यांचा सुपाच्या वाडग्याचा प्रयोग २००५ चा. टेबलाखालून नळी जोडून वाडगा गुपचूप भरत राहील अशी व्यवस्था केली. असे वाडगे ज्यांच्यापुढे होते ते इतरांपेक्षा ७३ टक्के अधिक सूप प्यायले, आणि आपण जास्त प्यायलो असे त्यांना वाटलेही नाही, असा त्याचा निष्कर्ष. मग शिळ्या पॉपकॉर्नच्या मोठ्या बादल्या आल्या, लहान ताटल्या आल्या, सफरचंदावर कार्टूनचे चिकटचित्र लावले की मुले ते उचलतात हा दावा आला. अमेरिकी कृषी खात्यात २००७ ते २००९ या काळात त्यांनी आहारमार्गदर्शनाची जबाबदारी सांभाळली. हजारो शाळांच्या उपाहारगृहांत त्यांच्या कल्पना राबवल्या गेल्या.

हा संदेश सगळ्यांनाच सोयीचा होता. कारखान्यांना पाककृती बदलावी लागत नव्हती, सरकारला कायदा करावा लागत नव्हता, वर्तमानपत्रांना दर आठवड्याला चटकदार बातमी मिळत होती. ताटली लहान घ्या, बिस्किटांचा डबा कपाटात मागे ठेवा, झाले काम. या कल्पना पुरावा बळकट होता म्हणून पसरल्या नाहीत, कोणाचेच काही बिघडत नव्हते म्हणून पसरल्या.

२०१६ च्या अखेरीस वॉन्सिंक यांनी स्वतःच लिहून टाकले, की एका इटालियन उपाहारगृहातल्या बुफेच्या फसलेल्या प्रयोगाची आकडेवारी त्यांनी एका तरुण संशोधिकेला दिली, तिने ती पुन्हापुन्हा चाळली आणि त्यातून अनेक शोधनिबंध निघाले. त्यांना हे मेहनतीचे उदाहरण वाटत होते. संख्याशास्त्र जाणणाऱ्यांना धक्का बसला. प्रश्न आधी विचारायचा आणि मग मोजायचे, हा प्रयोगाचा पाया. मोजमापे आधी घेऊन त्यांत काहीतरी सापडेपर्यंत चाळणी लावत राहिले, तर योगायोगाने काही ना काही सापडतेच. टिम व्हान डर झी, निक ब्राउन आणि जॉर्डन अनाया या तिघांनी त्यांतले चार निबंध तपासले, तेव्हा न जुळणारे सुमारे १५० आकडे मिळाले. सफरचंदाच्या निबंधात ८ ते ११ वर्षांची म्हणून सांगितलेली मुले प्रत्यक्षात ३ ते ५ वर्षांची होती. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांनी एका दिवसात त्यांचे सहा निबंध मागे घेतले. विद्यापीठाने चौकशीत शैक्षणिक गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि त्यांनी राजीनामा दिला. जाणूनबुजून खोटेपणा केला नाही, असे वॉन्सिंक यांचे म्हणणे आहे.

या प्रकरणानंतर सगळे आहारवर्तनशास्त्रच थोतांड ठरवण्याची हौस काहींना आली. तो अन्याय आहे. मोठा वाढा समोर आला की माणूस जास्त खातो, हे इतरांनी स्वतंत्रपणे दाखवले आहे. बार्बरा रोल्स यांच्या २००२ च्या प्रयोगात मॅकरोनीचा वाढा ५०० ग्रॅमऐवजी १,००० ग्रॅमचा केल्यावर लोकांच्या पोटात ३० टक्के अधिक उष्मांक गेले. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ७२ अभ्यासांचा आढावा घेऊन हाच कल नोंदवला. निष्कर्ष टिकला, टिकले नाहीत ते त्याच्यावर चढवलेले चमत्कार.

डेव्हिसबाईंचा राहून गेलेला प्रश्न मात्र २०१९ पर्यंत जवळपास तसाच पडून होता. त्या वर्षी केविन हॉल या संशोधकाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. बेथेस्डा इथल्या रुग्णालयात २० प्रौढ माणसे चार आठवडे राहिली. दोन आठवडे त्यांना अतिप्रक्रिया केलेले पदार्थ मिळाले, म्हणजे डबाबंद राव्हिओलीसारखे, घरच्या स्वयंपाकघरात नसलेले घटक घालून कारखान्यात बनवलेले. उरलेले दोन आठवडे साध्या, ताज्या पदार्थांचे जेवण. कोणाला आधी काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. ब्राझीलचे कार्लोस मोंतेइरो यांनी पदार्थांची अशी वर्गवारी सुचवली होती, आणि हॉल यांना तिच्याबद्दल शंका होती. त्यांना वाटत होते, साखर, मीठ, चरबी आणि तंतू सारखे ठेवले की फरक मावळेल. म्हणून दोन्ही जेवणांत हे सगळे सारखे वाढले गेले; अतिप्रक्रिया केलेल्या जेवणात तंतू कमी पडत, ते पेयांत मिसळून भरून काढले. हवे तेवढे खा, नको असेल ते टाका, एवढीच सूचना. परिचारिकेच्या चमच्याची जागा आता फक्त तराजूने घेतली होती.

कारखान्याच्या जेवणावर माणसे रोज सरासरी सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होती. दोन आठवड्यांत वजन ०.९ किलोने वाढले. साध्या जेवणावर तेवढेच उतरले. चवीला मात्र दोन्ही जेवणे लोकांना सारखीच आवडली होती. म्हणजे इथे जिभेचे लाड हे उत्तर पुरत नाही. अतिप्रक्रिया केलेले पदार्थ मऊ असतात, भरभर गिळले जातात, घासागणिक अधिक उष्मांक आत नेतात. पोटाचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी ताटली रिकामी होते, असे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. खाण्याचा वेग खरोखरच वाढलेला होता.

२० माणसे आणि चार आठवडे, यावर जग हलवू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याला उत्तर पुढच्या प्रयोगांनीच द्यायचे असते आणि ते दिले जात आहे. २०२५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ५५ जणांवर केलेला प्रयोग आला. त्यात लोक आपापल्या घरी राहिले आणि दोन्ही आहार सरकारी सल्ल्याशी जुळणारे होते. वजन दोन्ही आहारांवर घटले, पण कमी प्रक्रिया केलेल्या अन्नावर सुमारे दुप्पट घटले. चित्र थोडे गुंतागुंतीचे झाले, आणि ते तसेच सांगितले गेले. त्याच वर्षी हॉल यांनी ५० जणांवरचा आणखी एक निष्कर्ष छापला: साखर-चरबीने भरलेला मिल्कशेक प्यायल्यावर मेंदूतल्या डोपामिनमध्ये अमली पदार्थांसारखी उसळी सरासरीत दिसली नाही. त्यांच्याच बाजूच्या मंडळींना हा निष्कर्ष रुचणारा नव्हता. काही आठवड्यांनी, आपल्या कामावर सेन्सॉरशिप होत असल्याचे सांगून, त्यांनी ती सरकारी संस्था सोडली. नकोसे उत्तर आले तरी ते छापायचे, या एका सवयीने बुफेच्या आकड्यांची चाळणी आणि हे काम यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

हॉल यांच्या निबंधातला एक आकडा फारसा कोणी उचलला नाही, पण भारतीय वाचकाने तो जरूर पाहावा. रोजच्या २,००० उष्मांकांच्या हिशेबाने आठवड्याचा कच्चा माल अतिप्रक्रिया केलेल्या जेवणाला १०६ डॉलर लागत होता आणि ताज्या जेवणाला १५१. शिवाय ताजे जेवण रुग्णालयाच्या स्वयंपाक्यांनी निवडले, चिरले, शिजवले. 'घरचे ताजे खा' हा सल्ला आपल्याकडे दिला जातो तेव्हा ते निवडणे, चिरणे, शिजवणे नोकरीवरून परतलेल्या बाईच्याच वाट्याला येते. पैसा आणि वेळ यांचा विचार न करता दिलेला आहारसल्ला अप्रामाणिक आहे.

म्हणूनच यादीची जबाबदारी एकेकट्या घरावर टाकून चालत नाही. चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या वेष्टनांवर इशाऱ्याचे काळे अष्टकोन छापायला लावले, शाळांत अशा पदार्थांची विक्री थांबवली आणि मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींना लगाम घातला. पहिल्या टप्प्यानंतर अशा पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे मोजले गेले.

भारतात नियम नाहीत असे नाही. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा शासन निर्णय काढला. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर जास्त असलेल्या पदार्थांच्या विक्रीला बंदी घातली. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. फलक वाचून मुलाने स्वतःला आवरावे, ही अपेक्षा आणि विक्रीच्या यादीवर मोठ्यांनी घातलेले बंधन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर विसंबण्याजोगा पुरावा तोकडा आहे. दुसरी करायचा अधिकार कायद्याने आधीच दिलेला आहे, आणि फाटकाबाहेर चिप्सच्या माळा तरीही लटकत असतात.

शाळेच्या पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर उपाहारगृहाची यादी मागा, आणि फाटकापासून ५० मीटर चालत जाऊन पाहा.