कडून आणि कडे

चूक करणाऱ्याला दोष द्यावा, की चुकीला जागा ठेवणाऱ्याला? हा प्रश्न मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी हाताळला असेल. माझ्याकडे तो भिशीतून आला.

धाराशिवातल्या आमच्या गल्लीची भिशी मी सांभाळतो. बी.कॉम. होऊन बँकेत कारकुनी करणाऱ्याला गल्ली दुसरं काय देणार? तुळजापूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने हिशेबासाठी पायथन भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: आधी देणारा, मग घेणारा, मग रक्कम. 'आजी भिशी ५००' म्हणजे आजींनी भिशीत ५०० भरले.

एका रात्री पेंगत मी 'भिशी आजी ५००' असं टाइप केलं. यंत्राने हूं की चूं केलं नाही. महिनाअखेर कोपऱ्यावरच्या आजींच्या हिशेबात १००० चा फरक! जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट होतो, हे आम्ही कॉमर्सवाले जाणतो. आजी जाणत नाहीत. त्या दारात येऊन म्हणाल्या, "लेकरा, सत्तरी उलटली, कुणाचा रुपया बुडवला नाही." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही क्रम चुकवला." मी उसळणार होतो. पण स्लिपवर चुकीच्या रकान्यात आकडा लिहिणाऱ्या शेतकऱ्याला खिडकीतून हेच वाक्य मी वीस वर्षं ऐकवतोय.

त्याने बाजू मांडली. युनिक्सपासून रीतच अशी! १९७० च्या दशकातली टंकयंत्रं संथ, म्हणून 'कॉपी'चं 'सीपी' झालं. त्यातही आधी मूळ फाईल, मग नक्कल. उलटं लिहिलं तर नव्यावर जुनं बसतं, मुकाट्याने.

मी म्हटलं, "अरे, आपली भाषा बघ. 'सासूने सुनेला साडी दिली.' शब्द कसेही फिरव, साडी सुनेलाच मिळते. प्रत्यय तिचा पदर सोडत नाहीत."

पायथनमध्ये २०१० पासून 'आर्गपार्स' नावाची सोय आहेच. भाच्याने ती वापरली. आता मी लिहितो: '--कडून आजी --कडे भिशी --रक्कम ५००'. क्रम कसाही चालतो. एखादं नाव गाळलं तर यंत्र अडून बसतं. खोटं आताही लिहिता येतं, पण पेंगताना नाही.

आजींची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी खिडकीशी चुकीची स्लिप आली. मी विचारलं, "काका, भरायचेत की काढायचेत?" आणि रकाना दाखवला. रांग जरा लांबली. मागून कोणीतरी कुरकुरलं. त्याचंही खोटं नाही.