गोळी कोणाला विचारून बंद केलीस?

बस. आधी तो मोबाइल खिशात घाल. रिपोर्ट कागदावर आणलायस ना? मग इकडे दे, मीच वाचते.

गेल्या वर्षी एलडीएल १७८. डॉक्टरांनी अटोरव्हास्टॅटिन सुरू केलं, तीन महिन्यांनी ९२. आणि हा परवाचा, १७३. मधे काय झालं ते तू सांगूच नकोस, बायकोनं सांगितलंय सगळं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून उरलेली पट्टी स्वारीनं डब्यात टाकली ती टाकलीच. परीक्षा झाली की पुस्तकं रद्दीत घालायची तुझी खोड शाळेपासूनची; वाटलं होतं, वयाबरोबर जाईल.

अरे, तो ९२ गोळीचा होता, तुझा नव्हता! शास्त्राच्या तासाला पुढच्या बाकावर बसायचास, तर एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं. कोलेस्टेरॉल ताटातून थेट रक्तात उतरत नाही. अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. पेशींच्या आवरणाला ते लागतं, पित्ताला लागतं, हार्मोन्सना लागतं. म्हणजे ते विष नाही. एलडीएलमधून ते रक्तात फिरतं, आणि यकृताच्या पेशींवर हे एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. रिसेप्टर कमी पडले की एलडीएल रक्तातच रेंगाळतं, धमनीच्या भिंतीत शिरतं आणि वर्षानुवर्षं तिथे साचत राहतं.

आता गोळी काय करते? यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारं एक एन्झाइम ती अडवते. यकृताला तुटवडा पडतो, मग ते जास्त रिसेप्टर बाहेर काढतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की एन्झाइम मोकळं, रिसेप्टर पुन्हा कमी, आणि काही आठवड्यांत आकडा मूळ जागी. तू आणलेल्या तीन कागदांवर हेच लिहिलंय. वाचायचे कष्ट तेवढे घ्यायला हवे होते.

‘केमिकल नको’ म्हणे! अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं हजारो बुरशा तपासल्या, त्यातून १९७०च्या दशकात पहिलं स्टॅटिन हाती लागलं. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची निळसर बुरशी होती ती. आणि तू गोळीऐवजी काय घेतोस? लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगर आटवून केलेला काढा, ‘ब्लॉकेज उघडतो’ म्हणून कुणीतरी फॉरवर्ड केलेला. काढा पोटात जातो रे, हृदयाच्या धमनीत नाही. स्टॅटिननं काहींचे स्नायू दुखतात, हे खरं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगायचं. ते मात्रा कमी करतील, औषध बदलतील. तुझं तर काही दुखतही नव्हतं!

हो, आणि ‘मला काही त्रास होत नाही’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. वाढलेलं एलडीएल दुखत नाही, खुपत नाही, चक्कर आणत नाही. बऱ्याच जणांना पहिली खबर मिळते ती थेट झटक्यातूनच. ‘मी तर सडपातळ आहे’ हेही नको. याच कागदावर एचडीएल ३७ आहे, पुरुषाला चाळिसाच्या वर हवं. ट्रायग्लिसराइड २०५, दीडशेच्या आत हवं. आपल्या लोकांत ही जोडी फार दिसते, पोट सुटलेलं नसलं तरी.

खाण्याचं म्हणशील, तर सगळा राग बिचाऱ्या अंड्यावर काढलास. अंडं सोडलं, आणि रोज संध्याकाळी चहात खारी बुडवणं चालूच. खारीला पापुद्रे सुटतात ते कशानं? बेकऱ्यांत ते बहुतेक वनस्पती तुपानं नाहीतर मार्गारीननं सुटतात. रक्तातलं एलडीएल वाढवायला अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा ही संपृक्त चरबी आणि ट्रान्स फॅट जास्त कारणीभूत. ट्रान्स फॅटवर सरकारनं २०२२पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातलीय. संपृक्त चरबी आहे तिथेच आहे. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून खूश होऊन आलास. शेंगदाण्याच्या तेलात ते होतंच कधी? सकाळी फिरायला जातोस, चांगलं आहे. पण परतताना सगळ्या कंपूबरोबर मिसळीच्या गाड्यावर तर्री मागून घेतोस, हेही कानावर आलंय. उसळ घरची खा, बिनतर्रीची. मटकी, हरभरा, राजमा, ओट्स यांतला विरघळणारा चोथा एलडीएल थोडं खाली आणतो. थोडंच, हं. १७८चे ९२ मटकीनं होत नाहीत. तंबाखूबद्दल मी बोलत नाही, माझा आवाज चढेल.

वडील गेले तेव्हा तू नववीत होतास. त्यांना पन्नाशीही गाठता आली नव्हती. हे तू डॉक्टरांना सांगितलंस का? नाहीच सांगितलं असणार. घरात इतक्या लवकर हृदयविकारानं कुणी गेलं असेल, तर एलडीएलचं लक्ष्य काय ठेवायचं हा हिशोब बदलतो. लॅबच्या कागदावर छापलेलं ‘नॉर्मल’ सगळ्यांना सारखं लागू होत नाही. साधारण अडीचशेत एकाला वाढलेलं एलडीएल जन्मजातच मिळतं, आईकडून नाहीतर वडिलांकडून. तुझं तसं आहे की नाही हे मी ठरवणार नाही, तूही नाही.

सोमवारी डॉक्टरांकडे जा, तिन्ही कागद घेऊन. गोळी बंद केली होती हे लपवू नकोस. लपवलंस तर त्यांना वाटेल की गोळीच पुरी पडली नाही, आणि उगाच मात्रा वाढवून ठेवतील. आणि तुझा मुलगा यंदा अकरावीला ना? त्याच्या रक्ताची तपासणी करायची का, हेही तिथेच विचार.