पात्र कोण, दोषी कोण?

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे १९६० साली डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातातील रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडण्याची युक्ती काढली, आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचे रक्त यंत्राने वारंवार शुद्ध करणे शक्य झाले. यंत्रे थोडी, रुग्ण पुष्कळ. तेव्हा कोणास जगवावे हे ठरविण्यासाठी सात जणांची समिती नेमण्यात आली. तीत एक वकीलही होता. रुग्णाचे लग्न झाले आहे काय, मुले किती, मिळकत किती, चर्चला जातो काय, हे सारे तेथे विचारात घेतले जाई. त्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या व्यवसायबंधूची आठवण झाली की मी अस्वस्थ होतो. गुन्ह्यावाचून दिलेला देहदंडच तो! १९७२ च्या कायद्याने तेथील सरकारने या उपचाराच्या खर्चाचा भार उचलला आणि अशा निवडीचे कारण उरले नाही.

समिती गेली, पात्रापात्रतेचा निवाडा मात्र आपल्या घरांतून अद्याप चालू आहे.

माझे एक वयोवृद्ध अशील सोमवार, बुधवार, शुक्रवार असे डायलिसिसला जातात. खेपेस चार तास. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२. मूत्रपिंडे जे काम अहोरात्र करतात ते यंत्राने एवढ्या अवधीत उरकावयाचे. मधल्या काळात अंगात पाणी साठते, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडून त्याची भिंत जाड होत जाते. रक्तात पोटॅशियम वाढले तर हृदयाचा ठोका बिघडतो, प्रसंगी थांबतोही. या रुग्णांच्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा सर्वांत मोठा असतो. स्क्रिब्नर यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स यंत्राच्या आधारे दशकाहून अधिक काळ जगले, आणि गेले ते हृदयविकारानेच.

एका रविवारी घरची मंडळी देवदर्शनाहून परतली ती शहाळे घेऊन. प्रसादाचे म्हणून अशिलांनी ते सारे प्यायले. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पहाटे त्यांचा जीव घाबरा झाला. रुग्णालयात धावपळ झाली, ते वाचले. मग घरात खटला उभा राहिला. "ह्यांना पथ्य म्हणून पाळता येत नाही, वकीलसाहेब!" पत्नी म्हणाल्या.

अशील सर्वस्वी निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. परंतु या खटल्यात एक साक्षीदार कोणी बोलाविलाच नव्हता: दिनदर्शिका. शुक्रवार ते सोमवार हे अंतर इतर अंतरांहून एका दिवसाने लांब. अमेरिकेतील सुमारे ३२ हजार रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत या लांब अंतरानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाचे झटके इतर दिवसांपेक्षा अधिक आढळले. रविवारची सुटी माणसांनी आपल्या सोयीसाठी ठेविली. रक्ताला ती ठाऊक नाही. ज्याला दिवसाचे पाणी पेल्याने मोजून मिळते, त्याच्या तहानेला दुर्गुण ठरविणे आपल्याला किती सोपे जाते! आणि शहाळे आणले कोणी? ज्यांनी आणले त्यांची भक्ती खरी होती, मायाही खरी होती.

देवळातील भटजींना मी हे सांगितले. ते म्हणाले, "पळीभर तीर्थ पुरे, प्रसाद कपाळी लावला तरी पावतो."

कोर्टाची पुढील तारीख मी मंगळवारची मागून घेतली. अशील निघताना दारात थांबून हळूच म्हणाले, "शहाळ्याचे तिला तुम्हीच सांगा. मी सांगितले तर रडेल."