अदंभित्व : रणगाड्याचा रंग आणि त्याखालची पाटी



आजचं वाचन : गीता, अध्याय १३, श्लोक ७ (काही प्रतींत हाच ८ वा). भगवंत इथून ज्ञानाची लक्षणं सांगायला लागतात. पहिलं अमानित्व, दुसरं अदंभित्व. यादी बरीच मोठी आहे, पण आज आपण दुसऱ्या शब्दापाशीच थांबूया. कारण गेल्या गणपतीत या एका शब्दानं माझा चांगलाच कान पिळला. आणि तोही एका प्लॅस्टिकच्या रणगाड्याच्या निमित्तानं.

रणगाडा आणि गीता, हे काय भलतंच, असं वाटेल. पण गीता तरी कुठे सांगितली गेली? दोन सैन्यांच्या मधोमध, रथावर.

तुमच्यापैकी काहींना माहितीये, लॉकडाऊनपासून मला स्केल मॉडेल्सचा नाद लागलाय. गेल्या पावसाळ्यात मी सेंच्युरियन रणगाडा बनवला, १/३५ मापाचा. खरा साधारण ५० टनांचा, माझा जेमतेम २२ सेंटिमीटर लांब, तळहातावर मावणारा. जोडून झाल्यावर प्रश्न आला रंगाचा. कागदावर दिलेला साधा हिरवा द्यायचा कंटाळा आला होता. मनात आलं, हा रणगाडा आमच्या गावाकडे, कोकणात, ऐन श्रावणात लपवायचा असता तर?

मग काय, रंगच रंग. जांभा दगडाचा तांबूस, शेवाळाचा गडद हिरवा, आणि भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्याचा करडा. आधी प्रायमर, मग एअरब्रशनं पातळ थर, मग पट्ट्यांच्या कडा हातानं. या कामात एक गंमत कळते. आपला डोळा रंगापेक्षा आकार आधी शोधतो. सरळ तोफ, गोल चाकं, टरेटची कड दिसली की रणगाडा ओळखू येतो. म्हणून गडद पट्टा मुद्दाम कडेवरून पलीकडे न्यायचा, म्हणजे कड तुटते. दुसरी गंमत अशी की खऱ्या रणगाड्याचा अचूक रंग छोट्या मॉडेलवर दिला तर तो जास्तच काळपट दिसतो. त्यामुळे त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. म्हणजे खरं वाटावं म्हणून खऱ्यापासून थोडं हलावं लागतं! तेव्हा हे फक्त मजेशीर वाटलं होतं.

आणि कल्पनेतला कॅमोफ्लाज हा काही आम्हा हौशी लोकांचाच उद्योग नाही. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत जगातले पहिले रणगाडे मैदानात उतरले. त्यांची रंगसंगती ठरवली होती सॉलोमन जे. सॉलोमन या ब्रिटिश चित्रकारानं. हे गृहस्थ रॉयल अकॅडमीचे सदस्य, एरवी माणसांची तैलचित्रं करणारे. त्यांनी रणगाड्यांवर गुलाबी, हिरवे, तपकिरी असे बरेच रंग वापरले. थोड्याच दिवसांत ती पद्धत सोडून द्यावी लागली, कारण रणांगणावरच्या चिखलानं सगळं एकाच रंगाचं होऊन जायचं. पुढे १९८० च्या दशकात पश्चिम बर्लिनमधल्या ब्रिटिश फौजेनं आपल्या चीफ्टन रणगाड्यांवर पांढरे, करडे, तपकिरी चौकोन रंगवले. शहरात लपायचं तर भिंती आणि खिडक्यांसारखं दिसायला हवं, हा हिशोब. तेव्हा ‘असं असतं तर’ हा विचार खऱ्या सैन्यांनीही केलाय. कल्पना करण्यात पाप नाही, हे मी आजही म्हणते.

माझी चूक रंग वाळल्यावर झाली.

सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी आम्ही मुलं छंदांचं एक टेबल मांडतो. मॉडेल ठेवलं, पुढे पाटी लिहायला घेतली. खरं म्हणजे लिहायला हवं होतं, ‘रंगसंगती माझ्या कल्पनेतली’. पण हात अडला. वाटलं, लोक म्हणतील, खेळणंच की हे. म्हणून लिहिलं : ‘सेंच्युरियन, शकरगढ आघाडी, १९७१’.

या नावाला वजन आहे. १६ डिसेंबर १९७१ ला याच भागात, बसंतरच्या लढाईत, पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल सेंच्युरियनमध्ये लढता लढता गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मी त्या वजनातलं थोडं उसनं घेतलं, न विचारता. आणि ते चाललंही. लोक थांबायला लागले, मोबाइल काढायला लागले, आणि मला छान वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी बी विंगमधले काका आले. सैन्यातून निवृत्त, वय ऐंशीच्या आसपास. मला एवढंच माहीत होतं की ते फौजेत होते. कशात, ते कधी विचारलंच नव्हतं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, हा तांबडा? शकरगढला? आमच्या गाड्यांना असलं काही नव्हतं.”

आमच्या गाड्यांना! पोटात खड्डा पडला. चार-पाच जण आजूबाजूला उभे होते. मी म्हणाले, “काका, काही गाड्यांवर ट्रायल म्हणून दिला होता. मी वाचलंय कुठेतरी.”

काकांनी बोटानं टरेट हलकेच फिरवून पाहिलं. “असेल गं. पन्नासच्या वर वर्षं झाली. आता नीट आठवत नाही.” आणि ते गेले.

त्या रात्री रोजचं वाचन उघडलं तर हाच श्लोक. योगायोग म्हणा, नाहीतर माऊलींची कृपा म्हणा.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. लपवणं म्हणजे दंभ का? तसं असेल तर कॅमोफ्लाज हा सगळा प्रकारच खोटा ठरतो. पण ज्ञानेश्वर माऊली अदंभित्व समजावताना जो दृष्टांत देतात, तो लपवण्याचाच आहे. शेतकरी पेरलेलं बी मातीनं झाकतो, तसा ज्ञानी माणूस आपलं दान-पुण्य झाकतो. म्हणजे झाकणं हे ज्ञानाचंही लक्षण असू शकतं. बी उघडं टाकलं तर पाखरं खातात. आपण केलेलं चांगलं उघडं टाकलं तर अहंकार खातो.

पांडवांचंच बघा. अज्ञातवासात युधिष्ठिर कंक झाला, भीम आचारी झाला, अर्जुन बृहन्नडा झाला. शस्त्रं शमीच्या झाडावर. पण आपसात हाक मारायला त्यांनी जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल अशी गुप्त नावं ठेवली होती. जगापासून लपले, एकमेकांपासून नाही. रणगाड्यांचंही तसंच. १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या मित्रराष्ट्रांच्या अनेक रणगाड्यांवर वरच्या बाजूला वर्तुळातला मोठा पांढरा तारा रंगवलेला असे. एवढं लपायचं, आणि वर पांढराशुभ्र तारा? तो आपल्याच विमानांसाठी, त्यांना आपला माणूस ओळखू यावा म्हणून.

यावरून मला दोन प्रश्न सापडले. लपवतोय कुणापासून? आणि झाकतोय काय, आपलं मोठेपण की आपलं छोटेपण? शेतकरी बी झाकतो, ते वाढावं म्हणून. मी काय झाकलं? माझी कल्पना निव्वळ कल्पना आहे, हे मला कमीपणाचं वाटलं, म्हणून तिच्यावर दुसऱ्यांच्या शौर्याचा रंग मारला. आणि लपवलं कुणापासून? समोर शत्रू नव्हता. माझ्याच बिल्डिंगमधला, प्रत्यक्ष तिथे लढून आलेला माणूस होता. पट्ट्या रंगवताना मी एकदाही खोटं बोलले नव्हते. खोटं बोलले ते पाटीच्या दोन इंचांत.

बरं, ही गोष्ट फक्त रणगाड्याची नाही. आपण एकादशी करतो, पारायण करतो, वारीत दोन टप्पे चालतो आणि स्टेटस असा ठेवतो की बघणाऱ्याला वाटावं, पूर्ण वारी केली. फोटो खराच असतो, त्याखालची ओळ मोठी असते. शंकराचार्य या श्लोकावरच्या भाष्यात दंभाचा अर्थ सांगतात तो साधारण असाच : आपला धर्म लोकांना दाखवत फिरणं. दंभ दर वेळी सरळ खोट्यातूनच येतो असं नाही. पुष्कळदा तो खऱ्याला थोडं फुगवून येतो, म्हणून तर सापडत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेले. सांगितलं, “काका, तो रंग शकरगढचा नाही. माझ्या मनचा आहे. ट्रायल वगैरे काही मी वाचलेलं नाही. मी खोटं बोलले.”

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मला बरोबर आठवत होतं.”

आदल्या रात्री त्यांनी रेजिमेंटमधल्या एका जुन्या मित्राला फोन लावून विचारलं होतं. मित्रालाही ऐकू कमी येतं, बोलणं धड झालंच नाही. सुनेला म्हणाले होते, माझं विसरणं वाढलंय, एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ.

मंडळी, मी टाळ्या मिळवायला एक वाक्य बोलले होते. त्याची किंमत एका म्हाताऱ्या माणसानं रात्रभर जागून दिली. खोट्याचं नुकसान नेहमी खोटं बोलणाऱ्याच्याच खात्यावर पडत नाही, हे पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि काकांच्या हॉलमध्ये मान खाली घालून ऐकलेलं वेगळं.

ते रागावले का? थोडे रागावलेच. “विचारायचं होतंस की मला,” एवढंच म्हणाले. मग मी विचारलं. त्यांनी सांगितलं की रंगापेक्षा जाळी, झाडाच्या फांद्या आणि चिखल यांवरच त्यांची भिस्त असायची. मला सॉलोमनच्या रणगाड्यांवरचा चिखल आठवला. शेवटी म्हणाले, “तुझा तांबडा वाईट नाही. कोकणात लपेल.”

टेबलावर नवी पाटी लावली : ‘सेंच्युरियन, १/३५. रंगसंगती काल्पनिक : कोकणात लपायचं असतं तर’. एक-दोघं “अच्छा, म्हणजे खरं नाही” म्हणत पुढे गेले. खोटं कशाला सांगू, जरा लागलं. पण संध्याकाळी काका नातवाला घेऊन आले आणि त्याला सेंच्युरियनमध्ये कोण कुठे बसायचं ते दाखवत राहिले. मी बाजूला उभी राहून ऐकत होते.

आजचा छोटासा अभ्यास : झोपण्यापूर्वी आपली एक ‘पाटी’ तपासायची. बायो असेल, बायोडेटा असेल, नाहीतर नुसतं एखाद्याला दिलेलं उत्तर असेल. वरचा रंग हवा तेवढा कल्पक असू द्या. खाली लिहिलेलं तेवढं खरं आहे ना, बघा. नसेल तर ते कुणाला जाऊन सांगायचंय, तेही ठरवा. फोनवर नको, समोर जाऊन सांगा.

उद्या ‘अहिंसा’ हा शब्द घेऊ. त्याच श्लोकात, लगेच पुढचा. काकांच्या त्या रात्रीनंतर मला तो इतक्या जवळ का आलाय, ते थोडं कळायला लागलंय.

राम कृष्ण हरी 🙏